फडक्यावरचा चतुर

जगदेवीला चतुरांचं वेड होतं, आणि ते तिला माहेरहून आंदण मिळालं होतं. दुधनीला तिचे वडील चन्नप्पा धान्याची आडत चालवायचे. दुकान बंद असलं की बाकीचे लोक देवाला जात, सोयऱ्यांकडे जात. चन्नप्पा लेकीचं बोट धरून तळ्यावर जात. पंख पसरून बसतो तो चतुर आणि पाठीवर मिटून बसते ती टाचणी, हे जगदेवीला बाराखडीच्या आधी आलं. गावची पोरं चतुराच्या शेपटीला दोरा बांधून उडवायची. चन्नप्पांच्या नजरेस पडलं की पोराच्या पाठीत धपाटा बसलाच, मग पोर पाटलाचं का असेना.

लग्न होऊन ती सोलापुरात आली. नवरा विरुपाक्ष चादरींचा व्यापारी, माणूस थट्टेखोर पण मनाचा मोकळा. घरामागे बाग, बागेत दगडी हौद. विहिरीचं पाणी रहाटानं त्यात पडायचं आणि पूजेपासून फुलझाडांपर्यंत सगळ्याला तेच लागायचं. पहिल्या वर्षी त्या हौदावर इतके चतुर आले की त्यांच्यापायी तिच्या भाकरी करपल्या. लाल होते, निळसर होते, कर्दळीच्या पानांवर सुईएवढ्या टाचण्या होत्या. पंचमीला माहेरी गेली की ती बापापुढे हौदाचे गोडवे गायची आणि चन्नप्पा मान डोलवत ऐकायचे.

यंदाच्या पंचमीला मात्र त्यांनी मध्येच तिचा हात धरला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. माणूस समोर आला तर सावली हलल्यासारखी दिसे, एवढंच.

"दसरा झाला की जावईबापू मला मिरजेला नेनार हायत, आपरेशनला," ते म्हणाले. "वाटेत एक रात तुज्याकडं. सकाळी मला हौदावर बसव. उनात पंख चकाकलं की अजून उमगतंय मला. डाक्टरच्या हातात डोळं द्यायच्या आदी एकदा चतुर बगू दे. पुडं काय व्हईल कुनाला ठावं."

"बसवते की अप्पा! बगून बगून थकाल!" ती बोलून गेली, आणि सोलापूरला परत आल्यावर पस्तावली.

कारण हौदावर चतुर उरलेच नव्हते. दर वर्षी थोडे कमी होत होते, पण एखाददुसरा दिसतोय म्हणून तिनं मनावर घेतलं नव्हतं. आता दसरा तोंडावर आला, ऊन सोन्यासारखं पडायला लागलं, तरी पाण्यावर चिटपाखरू नाही. ती सकाळी बघे, दुपारी बघे, कर्दळीची पानं उलटी करून बघे.

"चतुर म्हंत्यात त्यांना," विरुपाक्ष हसून म्हणाला. "गिरनीच्या धुरात ऱ्हायला ते काय येडं हायत?"

"तुमाला थट्टा सुचती. माज्या बापाला काय दाखवू मी? रिकामा हौद?"

तिच्या डोळ्यांत पाणी बघून त्यानं थट्टा आवरली.

आता जगदेवीचा स्वभाव असा, की जीव घाबरा झाला की ती साफसफाई काढायची. तशी ती एरवीही स्वच्छतेची मोठी भोक्ती. दर सोमवारी, लिंगपूजेचा मोठा वार म्हणून, मोलकरणीला दुसरं टोक धरायला लावून जुन्या धोतराचं फडकं ती हौदाच्या तळापासून ओढून आणायची. त्यात गाळ यायचा, पालापाचोळा यायचा आणि मातकट, चपटे, बटबटीत डोळ्यांचे किडे वळवळत यायचे. देवाच्या पाण्यात असली घाण! ती नाक मुरडून सगळं भिंतीकडच्या राखेच्या ढिगावर झटकायची. शेजारणींना अभिमानानं सांगायची, "आमच्या हौदात किडा दाखवा आनि लुगडं घेऊन जा."

वडील यायचे त्या संध्याकाळी तिनं सोमवारची वाट बघितली नाही. निदान हौद आरशासारखा असला तर चतुर येतील, या आशेनं तिनं दोनदा फडकं ओढलं, ढिगावर झटकलं आणि ओलंच कर्दळीवर वाळत टाकलं. तेवढ्यात वडिलांना स्टेशनवरून घेऊन विरुपाक्ष टांग्यातून दारात उतरला.

चन्नप्पांनी त्या रात्री भाकरी नीट खाल्ली नाही. "सकाळ कवा व्हईल?" असं लहान मुलासारखं विचारत राहिले. जगदेवी खरं सांगायचं टाळून त्यांच्या ताटात तूप वाढत राहिली.

पहाटे कोंबडं आरवताच ते काठी टेकत हौदावर जाऊन बसले. अंगावर घोंगडी, तोंड पाण्याकडे. जगदेवी मागोमाग गेली. काय सांगावं, कसं सांगावं, या विचारात तिनं उगाच हाताला काम म्हणून कर्दळीवरचं फडकं ओढायला घेतलं. काठाशी एक किडा चिकटून बसला होता. तोच, मातकट, बटबटीत डोळ्यांचा. काल झटकताना सुटला असणार. तिनं टिचकी मारायला बोट वाकवलं.

आणि त्याची पाठ उकलली.

तिचं बोट तसंच राहिलं. भेगेतून काहीतरी फिकट हिरवं वर येत होतं. डोकं आलं, मोठे डोळे आले, पाय आले.

"अप्पा!" ती किंचाळली. "अप्पा, हिकडं या! किड्यातनं चतुर निगतोय!"

"काय बोलतीस?"

"देवाशप्पत! डोकं निगालं! आता मागं लोंबकळतोय! मेला की काय... न्हाय, न्हाय, हललं! उटलं! शेपूट काडली भायेर!"

चन्नप्पा काठी विसरून धडपडत आले. तिनं त्यांना फडक्यापाशी बसवलं आणि क्रिकेटच्या मॅचचं धावतं वर्णन करावं तशी ती क्षणाक्षणाची खबर देऊ लागली. आरडाओरडा ऐकून विरुपाक्ष दात घासता घासता धावत आला आणि दातवण हातातच धरून उभा राहिला. चतुराचे चुरगळलेले पंख हळूहळू पसरत होते. इतकी वर्षं तळ्याकाठी घालवून बापलेकींना चतुर येतो कुठून हे ठाऊक नव्हतं, आणि आज ते वाळत टाकलेल्या फडक्यावर घडत होतं!

"आरं शिवा," चन्नप्पा पुन्हा पुन्हा म्हणत होते. मग त्यांनी विचारलं, "पन पान्यातला किडा फडक्यावर कसा?"

"हौद गाळते की मी. दर सोमवारी."

"आनि गाळून निगालेलं?"

जगदेवीची नजर राखेच्या ढिगावर गेली.

"तुजी आई पानी गाळलं की फडकं तळ्यातच उलटं करून खळबळायची," चन्नप्पा हळू म्हणाले. "पान्यातलं पान्यात. जीव हाय, म्हनायची. इसरलीस व्हय गं?"

विसरली होती. किळस वाटली म्हणून विसरली होती. इतक्या सोमवारी तिनं स्वतःच्या हातानं स्वतःचे चतुर राखेत फेकले आणि वर त्यांची वाटही बघत बसली! तिला रडू फुटलं, पण रडायला वेळ कुठं होता? ती ढिगाकडे पळाली आणि दोन्ही हातांनी कालचा ओला गाळ उपसायला लागली.

"हा हलतोय! हा बी हलतोय! अवं, बगत काय उबं? तांब्या आना!"

दुकानात कापडाला धुळीचा कण लागू न देणारा विरुपाक्ष राखेत गुडघे टेकून किडे वेचू लागला. किती मेले होते, किती जगले होते, कुणी मोजलं नाही. जे हललं ते हौदात गेलं. तिचा पदर, हात, कपाळ सगळं राखेनं माखलं.

तोवर ऊन भिंतीवरून उतरून फडक्यावर आलं.

"अप्पा, थरथरतोय! आता उडंल! समोर बगा, नीट समोर!"

चन्नप्पांनी श्वास रोखला. चतुर सुटला, खाली झुकला, सावरला आणि त्यांच्या तोंडासमोरून उन्हात वर गेला. नव्या कोऱ्या पंखांवर ऊन लखलखलं.

"चकाकलं!" म्हातारा ओरडला. "जगव्वा, चकाकलं! दिसला मला!" आणि ते लहान पोरासारखे टाळ्या वाजवायला लागले. जगदेवी राखेच्या हातांनीच त्यांच्या गळ्यात पडली.

दुपारी टांगा आला. कुर्डुवाडीला गाडी बदलून पुढे मिरज, सोबतीला विरुपाक्ष. चढता चढता चन्नप्पा थांबले.

"आपरेशन चांगलं झालं तर परत येताना हितंच उतरनार. चतुर भायेर येताना बगायचाय मला, सगळा, पाट उकलल्यापास्नं."

"या की," जगदेवी म्हणाली.

सोमवार उजाडला. मोलकरणीनं सवयीनं फडक्याचं टोक धरलं. दोघींनी ते तळापासून ओढलं, गाळ आला, पाला आला, तीन-चार मातकट किडे आले. मोलकरीण ढिगाकडे वळली. जगदेवीनं फडकं तिच्या हातून घेतलं, वाकून पाण्यात उलटं केलं आणि शेवटचा किडा सुटेपर्यंत खळबळत राहिली.