उजवा, डावा, पुन्हा उजवा

मी पायपुसणं बोलतोय. काथ्याचं, खरखरीत, सदर बाजारातून आणलेलं. रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. इथल्या कचेरीत नोकरी लागली म्हणून रत्नाकर आणि ज्योती नागपूरहून बूढापाऱ्यात, तलावाकाठच्या घरात राहायला आले.

रत्नाकरसारखा टापटिपीचा माणूस मी पाहिला नाही. पाय पुसायचा तो उजवा, डावा, पुन्हा उजवा. पाहुणा आत आला की हा मागे फडकं घेऊन हजर! "काहून सांडून राहिली वं?" हे दिवसभर. ज्योती रडकुंडीला यायची. मलाही त्याचा राग यायचा, खोटं कशाला सांगू?

महालक्ष्म्यांच्या दिवशी ज्योतीनं दारापासून देवघरापर्यंत तांदळाच्या पिठाची पावलं काढली, लक्ष्मीनं त्या वाटेनं आत यावं म्हणून. रत्नाकरला फरशीवरचं पीठ बघवेना. ती स्वयंपाकात असताना त्यानं देवघराकडची पावलं पुसून टाकली. उरलेली वाट आता त्यांच्या तान्ह्या लेकीच्या, कौमुदीच्या पाळण्यापाशीच संपत होती.

दिवेलागणीला माझ्यावर कुणाचं तरी ओझं पडलं. गार, शेवाळाच्या वासाचं. दिसत काहीच नव्हतं. नुसती ओली पावलं त्या पांढऱ्या पावलांवर बरोब्बर उमटत आत चालली होती. पाळण्याशी येऊन ती थांबली, आणि पाळणा आपोआप हलू लागला.

"अवो, पोट्टी!" ज्योती किंचाळली. धावली, पण तिचा हात पाळण्यापर्यंत पोचेचना.

रत्नाकर पुसलेल्या जागेकडे बघत राहिला. आपण काय करून बसलो ते त्याला कळलं. तो अंगणात धावला, घोटाभर चिखलात दोन्ही पाय बुडवले आणि मला ओलांडून तसाच आत आला. त्या लखलखीत फरशीवर! पाळण्यापाशी वळला आणि एकेक पाऊल दाबून उमटवत दाराकडे निघाला.

"हे पुसू नको वं, ज्योती," एवढंच म्हणाला.

पाळणा थांबला. ओली पावलं त्याच्या पावलांवर पाय देत बाहेर पडली. वाट मध्येच संपली असती तर ते जे काही होतं ते पुन्हा पाळण्याकडे फिरलं असतं, म्हणून तो थेट तलावात शिरला. वर आला नाही. एवढी छाती मी कुणाची पाहिली नाही.

ज्योतीनं तो चिखल अजून पुसलेला नाही. शाळेत जाताना कौमुदी त्याला वळसा घालून जाते.

मी आता पार झिजलोय. नवं पायपुसणं आणायचं घरात चाललंय. ज्योतीबाई, मला फेकू नका हो. दर महालक्ष्म्यांना दिवेलागणीला माझ्यावर ओले पाय पडतात. उजवा, डावा, पुन्हा उजवा. तो पुसतो, पुन्हा पुसतो, पण पाय काही कोरडे होत नाहीत. मग आत न येताच परत जातो.