ताईची ट्यूब, धाकटीचा चेहरा

मी मलमाची ट्यूब बोलतेय. तोंड वर करून बोलायची सोय राहिलेली नाही, म्हणून जरा हळूच बोलते.

दोघी बहिणींच्या पार्लरमध्ये, आरशाखालच्या खणात माझा मुक्काम. खरं तर मी आले एकट्या ताईसाठी. तिच्या नाकाच्या बाजूंना लाल चट्टे उठले होते. डॉक्टरांनी मला लिहून दिलं आणि बजावलं, "अगदी पातळ लावा. डोळ्यांजवळ नको. आठवडा झाला की बंद. आणि दुसऱ्या कुणाला देऊ नका हं!"

ताई शहाण्यासारखी वागली. आठवड्यात नाक साफ! मी अशी फुगले होते म्हणून सांगू!

पण माझ्या पोटात बरंच मलम उरलं होतं. त्यात धाकटीच्या हनुवटीवर पुटकुळ्या आल्या. पार्लरवालीच्या तोंडावर पुटकुळ्या, म्हणजे गिऱ्हाइकांना बोलायला विषयच. ताईने मला बाहेर काढलं.

"अगं, पण डॉक्टर म्हणाल्या ना..."

"एका आईच्या पोटच्या आपण. तुझी कातडी काय वेगळी आहे? गप्प बस, हनुवटी वर कर."

पार्लरच्या सवयीने ताईने मला हाताच्या पाठीवर फाउंडेशनमध्ये कालवलं आणि धाकटीच्या तोंडभर चोपडलं. माया होती हो त्यात, म्हणून तर जास्त वाईट वाटतं.

चेहरा असा उजळला की कुठलं क्रीम लावतेस म्हणून गिऱ्हाइकं विचारू लागली. मग ते रोजचंच झालं. एखाद दिवस राहिलं, तर तोंडाभोवती आग आग आणि बारीक लाल पुरळ. घाबरून ती पुन्हा मलाच लावायची, की पुरळ दबायचं. मीच आग लावायची आणि मीच विझवायला धावायची! मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं मला.

शेवटी मला लावूनही पुरळ दबेना. आरशांनी भरलेल्या खोलीत धाकटी तोंडाला रुमाल बांधून, आरशाकडे पाठ करून बसू लागली.

ताई तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. "काय लावत होता?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," धाकटी म्हणाली. बहिणीला सांभाळून घेत होती बिचारी.

ताईचा चेहरा पडला. तिने पर्समधून मला काढून टेबलावर ठेवलं. "हे लावलं. मीच लावलं."

डॉक्टर ओरडल्या नाहीत. "यात स्टेरॉइड आहे, कातडीला त्याची सवय लागलीय. हे आता बंद. सुरुवातीला चेहरा आणखी भडकेल, पण म्हणून पुन्हा याला हात लावायचा नाही. मी देते ते औषध घ्या आणि दाखवायला येत राहा."

मी मात्र परत खणात आले. पैसे मोजून आणलेलं औषध फेकवत नाही माणसांना.

आज धाकटीने रुमाल सोडला. खुर्चीतल्या बाई दचकल्याच. "अगंबाई! मागे तर कसली चमकत होतीस! त्या क्रीमचं नाव सांग ना, माझ्या मुलीला हवंय."

बाईंच्या भुवया कोरायला दोरा धरलेला ताईचा हात थांबला. "नाव नाही सांगणार. माझं औषध मी हिच्या तोंडाला फासलं. बघा काय करून ठेवलंय ते."

तिने तिथल्या तिथे मला कागदात गुंडाळलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

धाकटी रडू लागली. ताईने तिला जवळ घेतलं. आणि बाई? बाई अजून विचारतायत, "बरं, नाव राहू दे. ट्यूबचा रंग तरी कुठला होता?"

नको गं सांगू, ताई.