लाल दिव्याचा होकार

"लुकलुकला! बघा, बघा, तीनदा लुकलुकला!"

अंगणभर एकच गलका झाला. कोणी तोंडावरून हात फिरवून दुवा मागितली, कोणी हुंदका दिला, आणि मागच्यांनी पुढच्यांच्या खांद्यांवरून माना उंचावल्या. आर्चाली गावातली निम्मी माणसे त्या गुरुवारी झूरा-आपाच्या अंगणात जमली होती, आणि सगळ्यांची नजर एका मोडक्या गाडीवर खिळली होती. गाडीची चालकाची बाजू चेपून आत गेली होती. पुढची काच मात्र तडा जाऊनही जागेवर होती, आणि काचेवर, आरशाच्या मागे, आगपेटीएवढा कॅमेरा चिकटलेला होता. घाटात टॅक्सी चालवणाऱ्या प्रत्येकाकडे असतो तसलाच. त्यातला बारीक लाल दिवा लुकलुकला होता.

गाडीचा मालक, झूरा-आपाचा मुलगा सागिन, महिन्यापूर्वी घाटातल्या बर्फावर गाडी घसरून गेला. इंजिन बंद, दारे बंद, किल्ली झूरा-आपाच्या कमरेला. मग दिवा लावतो कोण?

"तोच लावतो!" तुरसुनाय गरजली. "माणसाच्या जिवात वीज असते. गाडीत वीज असते. वीज विजेत शिरली! मॉस्कोत शास्त्रज्ञांनी यंत्र लावून मोजलंय हे!"

मॉस्कोत कोणी मोजले, कोणत्या यंत्राने मोजले, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. तुरसुनाय ही 'उघड्या डोळ्यांची' बाई. दोन गावे पलीकडून यायची, घोट्यापर्यंतचा मखमली झगा घालून गाडीपुढे गुडघे टेकायची, डोळे मिटायची आणि अर्धे अरबी, अर्धे रशियन, उरलेले स्वतःच्या पदरचे काहीतरी पुटपुटून प्रश्न विचारायची. दिवा लुकलुकला तर होय. नाही लुकलुकला तर नाही. जाताना मेंढीचे मागचे तंगडे तिच्या पिशवीत असायचे. चाळिसाव्या दिवसापर्यंत गाडीचे दार उघडायचे नाही, आत्मा उडून जाईल, असे तिने बजावले होते. शिवाय बॅटरीला घरातून वायर ओढून रोज तासभर चार्जर लावायचा, कारण त्याला अंधारात ठेवू नये. मेलेल्या माणसाला विजेचे बिल कशाला, हेही कोणी विचारले नाही.

गुरुवारी आमच्याकडे गेलेली माणसे घरी येतात. तापल्या तेलात बोर्सोक, म्हणजे कणकेचे छोटे फुगे, तळले की तो वास घेऊन तृप्त होतात आणि परत जातात. म्हणून दर गुरुवारी झूरा-आपाच्या अंगणात कढई चढायची आणि गाव जमायचा. दिवाही दर गुरुवारीच बोलायचा. एवढा नेमका हिशेब जुळल्यावर शंका घ्यायची कोणी?

कढईपाशी सागिनची बायको बुरुल बसली होती. तिच्याकडे कोणी बघत नव्हते.

आधीच्या गुरुवारी तुरसुनायने विचारले होते, "सागिन, तुझा घात घरच्याच माणसानं केला का?" दिवा लुकलुकला. "बायकोनं?" लुकलुकला. "गाडी चालवताना फोन करून?" लुकलुकला. त्या क्षणापासून झूरा-आपा सुनेशी एक शब्द बोलली नव्हती.

फोन बुरुलने केला होता, हे खरे. येताना भाकरीसाठी खमीर घेऊन ये, एवढेच सांगायला. तो म्हणाला होता, "थांब, गाडी बाजूला घेतो." गाडी थांबल्याचा आवाज तिने ऐकला होता. मग तो पाच मिनिटे बोलला, तिच्या भाकरीला हसला, आणि बोलणे संपवून निघाला. पुढच्याच वळणावर गाडी घसरली. तिने हे रडत रडत दहा जणांना सांगितले होते. त्यातूनच फोनची गोष्ट तुरसुनायच्या कानावर गेली, आणि गाडी बाजूला घेतल्याची तेवढी वाटेत गळाली. आता तर बुरुलला स्वतःचीच खात्री वाटेनाशी झाली होती. खरंच थांबला होता का तो? की मला बरे वाटावे म्हणून मीच रचले? मेलेला माणूस कशाला खोटे सांगेल?

तुरसुनाय उठली, झगा झटकला. "येत्या मंगळवारी चाळिसावा. त्या दिवशी शेवटचं विचारू. या बाईनं या घरात राहावं की नाही."

म्हणजे बुरुलने माहेरी जायचे आणि चार वर्षांच्या आयपेरीने इथे राहायचे. पोर बापाच्या घरचे, हे आमच्याकडे सांगावे लागत नाही. बुरुलने झारा कढईत तसाच सोडला. बोर्सोक करपले.

लोक पांगल्यावर शेजारच्या सादात-एजे, म्हणजे सादातताई, आल्या. गावच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवायच्या त्या. सागिन आणि बुरुल दोघेही त्यांचेच विद्यार्थी.

"उद्या माझ्याबरोबर बाजारात चल."

"कशाला, एजे?"

"कॅमेरा बघायला. गाडीतला."

"तुमच्याकडे गाडी कुठेय?"

"म्हणूनच तर. गाडीवाल्यांना वाटतं, आपल्याला सगळं कळतं."

शहराच्या टोकाला, जुन्या लोखंडी कंटेनरांच्या रांगेत गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार भरतो. तिथे एर्केबायचे दुकान. सागिनने कॅमेरा त्याच्याकडूनच घेतला होता. बुरुलला पाहून तो उठून उभा राहिला, चहा ओतला. एजेंनी कामाचे सांगितल्यावर मात्र त्याच्यातला दुकानदार जागा झाला. त्याने तीन कॅमेरे काउंटरवर ओळीने मांडले आणि एका जुन्या बॅटरीला जोडले.

"रोजच्या गाडीला छोटाच बरा. काच झाकत नाही, चोराच्या डोळ्यात भरत नाही. हा पहिला. चालू असला की हिरवा दिवा, स्थिर. स्वभावानं गरीब. हा दुसरा, निळा. ह्याचा उजेड अंधारात काचेवर पडतो, म्हणून सगळे वर काळी पट्टी चिकटवतात. मग दिवा कशाला दिलाय, देव जाणे. आणि हा तिसरा. सागिनचा हाच."

"हा तर बंद दिसतो," एजे म्हणाल्या.

"झोपलाय. गाडी बंद झाली की दिवा विझवून झोपतो. पण थेट बॅटरीला जोडला ना, तर एक कान उघडा ठेवून झोपतो. घाटात गाडी उभी करून जेवायला गेलात, कोणी चाकं काढायला आलं, तर?" एर्केबायने काउंटरला गुडघ्याने हलकेच ढोसले.

तिसऱ्या कॅमेऱ्यात लाल दिवा तीनदा लुकलुकला.

बुरुलने चहा खाली ठेवला. त्या दिव्याकडे बघता बघता तिला काय काय वाटून गेले! सुटल्यासारखे वाटले, आणि त्याच क्षणी कोणीतरी सागिनला दुसऱ्यांदा नेल्यासारखे वाटले. त्या दिव्याने तिच्यावर आळ घेतला होता, पण निदान तो आहे, बोलतो आहे, एवढे तरी होते.

"परत कर," ती म्हणाली.

त्याने परत ढोसले. लाल दिवा पुन्हा तीनदा लुकलुकला. हिरवा आणि निळा ढिम्म.

"ह्या दोघांना धक्का कळतो, पण ते दिवा लावून सांगत नाहीत," एर्केबाय म्हणाला. "हा सांगतो. आणि लगेच अर्ध्या मिनिटाचं चित्रण करून ठेवतो. आवाजासकट. धक्क्याचं चित्रण वेगळ्या कप्प्यात जातं, चालत्या गाडीला बसला तर आधीच्या दहा मिनिटांसकट; बाकीचं रोजचं गाडी बंद होताच पुसतं. अपघाताचा पुरावा ना तो."

बुरुलने मान वर केली. "आवाजासकट?"

"हो."

"म्हणजे त्या दिवशीचं... तो शेवटचं जे..."

एर्केबायने एजेंकडे पाहिले. "असायला हवं," तो सावकाश म्हणाला. "कार्ड काढून बघा."

परतीच्या वाटेवर बुरुल खिडकीला डोके टेकून बसली होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला काहीतरी हवेसे वाटले. आळ जावा, हे तर हवेच होते. पण त्याहून जास्त, "थांब, गाडी बाजूला घेतो," हे तिला एकदा, फक्त एकदा, त्याच्या आवाजात ऐकायचे होते. ती त्याच संध्याकाळी सासूकडे किल्ली मागायला गेली. झूरा-आपाने कमरेवरचा हात काढला नाही.

मंगळवारी अख्खा गाव लोटला. मेंढी कापली होती, मुल्लाचे पठण झाले होते, आणि मखमली झगा गाडीसमोर येऊन थांबला होता. तुरसुनायने हात पसरले.

"हे पूर्वजांनो, हे सात पिढ्यांनो, हे आकाशातल्या लहरींनो! सागिन, आज तू जाणार. जाता जाता सांग..." ती गुडघे टेकायला वाकली.

"आपा, दमला असाल," सादात-एजे मधेच म्हणाल्या. "तुम्ही चहा घ्या. आज मी विचारते. माझा विद्यार्थी होता, माझ्याशी बोलेल तो."

"ज्याला त्याला नाही बोलत तो! डोळे उघडे लागतात!"

"माझे उघडेच आहेत. चष्मा आहे, एवढंच." मागच्या रांगेत कोणीतरी खुदकन हसले. एजेंनी गाडीच्या बंपरला गुडघा टेकला. "सागिन, दोन आणि दोन पाच होतात का?"

लाल दिवा तीनदा लुकलुकला.

"अरे, गणितात तू एवढा कच्चा नव्हतास," एजे म्हणाल्या. दिवा विझायची त्यांनी वाट पाहिली. "आपलं गाव समुद्राकाठी आहे का?" होय. परत थांबल्या. "ही तुरसुनाय-आपा लबाड आहे का?"

तीनदा लुकलुकला.

"तुमच्या प्रश्नांनी दुखावलाय तो!" तुरसुनाय ओरडली.

"तुमच्या गुडघ्यानं दुखावलाय. होय हवं असलं की तुम्ही झग्याआडून बंपर ढोसता. नाही हवं असलं की ढोसत नाही. मला वाटतं, पहिल्या गुरुवारी चुकून धक्का लागला असेल. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली. नंतर मात्र तुम्ही फांदीवर मुद्दाम बसत गेलात." एजे लोकांकडे वळल्या. "हा कॅमेरा पहारेकरी आहे. गाडीला धक्का लागला की जागा होतो आणि चित्र घेतो. गुरुवारीच का? कारण गुरुवारीच आपण सगळे इथे जमतो आणि गाडीला खेटतो. कोणीही या, ढोसून बघा."

एका म्हाताऱ्याने काठीने ढोसले. होय. एका बाईने कमरेने ढोसले. होय. तुरसुनाय आपली पिशवी शोधू लागली. तिला कोणी अडवले नाही. कोणी शिवीही दिली नाही. लोकांना स्वतःचीच लाज वाटत होती.

झूरा-आपा मात्र गाडीकडेच बघत होती. "म्हणजे तो नव्हताच?" तिने विचारले.

"नव्हता, आपा," बुरुल म्हणाली. आळ आल्यापासूनचे हे दोघींमधले पहिले बोलणे. "पण त्याचा आवाज आत आहे. खरा आवाज. त्या दिवशीचा."

म्हातारीने कमरेची किल्ली सोडवून दिली.

कार्ड शाळेच्या लॅपटॉपमध्ये घातले, लॅपटॉप जेवणाच्या चादरीवर ठेवला आणि गाव भोवती दाटीने बसला. त्या दिवसाची ढोसाढोस ओलांडल्यावर पहिल्या चित्रणात तुरसुनायचा चेहरा काचेपलीकडे, खांदा पुढे रेटलेला, आणि लगेच चित्र हललेले. दुसऱ्यात तीच. तिसऱ्यात तीच, आणि मागे कढईपाशी पाठमोरी बुरुल. चौथ्यात झूरा-आपा स्वतः, बोनेटवर ओणवून काचेचे मुके घेणारी, "बाळा, बोल ना रे," म्हणणारी. एजे मागे मागे जात राहिल्या. हा गुरुवार, आधीचा, त्याच्या आधीचा. मग यादी संपली.

"अजून मागे," बुरुल म्हणाली.

"मागे काही नाही, पोरी."

"असेल. घाटातलं असेल. नीट बघा."

एजेंनी एर्केबायला फोन लावला, ऐकून घेतले, आणि फोन खाली ठेवला. "धक्क्यांच्या कप्प्यात ठरावीकच चित्रणं मावतात," त्या म्हणाल्या. "कप्पा भरला, की नवं येताना सगळ्यात जुनं पुसतं. दर लाल दिव्याला एक."

कोणाला लगेच कळले नाही. झूरा-आपाला सगळ्यांत आधी कळले. तिने स्वतःचे हात पुढे धरले, ज्या हातांनी ती गाडीला कवटाळत होती, आणि त्यांच्याकडे बघत राहिली. "मीच पुसला त्याला," ती म्हणाली. "बोल बोल म्हणत, मीच पुसला."

बुरुल तिच्याजवळ सरकली. म्हातारीने तिच्या खांद्यावर डोके टेकले. तो थांबला होता का, हे आता कोणालाच कधी दाखवता येणार नव्हते. झूरा-आपाने ते विचारलेही नाही. घर सोडायची गोष्ट त्या दिवसानंतर कोणी काढली नाही. आयपेरी कोपऱ्यात बोर्सोक खात होती, कोणाचे काय चालले आहे हे तिला समजत नव्हते.

लोक उठून जाऊ लागले, तेव्हा बुरुलने सादात-एजेंकडे पाहिले. तिच्या बोलण्यात राग नव्हता.

"एजे, पहिल्या गुरुवारी तुम्हीही होतात ना अंगणात?"

"होते."

"तेव्हाच तुम्हाला शंका आली होती?"

"आली होती. म्हटलं, दुःखाच्या घरात कुठे वाद घालायचा. रडू दे त्यांना, दिव्याचा आधार वाटतोय तर वाटू दे. कोणाचं काय बिघडतंय?" एजेंनी चष्मा काढला. डोळे पुसले, पण ते पुन्हा भरले. "तेव्हा घाटातलं सगळं कार्डावर होतं, बुरुल. पहिल्या गुरुवारी सगळं होतं."

त्या उठल्या आणि दाराशी रेंगाळलेल्या माणसांना म्हणाल्या, "वर्गात मी चाळीस वर्षं सांगितलं, प्रश्न विचारा. आणि जेव्हा विचारायचा होता तेव्हा मीच गप्प बसले. तुम्ही बसू नका. दिवा लागला तर तो कशानं लागला, हे त्याच दिवशी विचारा. रडणाऱ्याला वाईट वाटेल म्हणून थांबू नका. तुम्ही थांबता, तेवढ्यात त्याच्याकडे उरलेलंही जातं."