'हाव' मोजणारा डबा

मी निलंग्याकडच्या एका गावातला, दूध डेअरीतला डबा बोलतोय. दुधाचा नव्हे. दुधाचे कॅन खाली ओळीनं असतात, मी वर फळीवर. जेवणाच्या डब्याएवढा, राखाडी, एका बाजूला जाळी. तिच्यातून मी बोलतो. आज माझ्या झाकणाचे स्क्रू काढून ठेवलेत, म्हणून वेळ थोडा आहे.

मला लातूरच्या उमाशंकर सरांनी बनवलं. ते संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, वय चौऱ्याहत्तर. माझ्यासारखे सात बनवून त्यांनी सात गावांत एकेक ठेवला. या गावांची पाण्याची समिती होती, पण तिचा अध्यक्ष तळ्याचं पाणी आधी स्वतःच्या उसाला वळवायचा. सरांना वाटलं, अध्यक्षच नको. माणसं आणि आम्ही डबे मिळून एक सभा, प्रत्येकाला एक मत. मी फोन करून ठराव वाचून दाखवायचा, माणसानं हो की नाही ते सांगायचं. जे ठरेल ते सातही डब्यांत एकदम लिहिलं जायचं आणि एकट्या कुणाला ते पुसता यायचं नाही.

"पुसायची एखादी किल्ली तुमच्याजवळ ठिवा की सर," डेअरीवाला भीमाशंकर म्हणाला होता.

"माझ्याजवळ कशाला? मी चांगला माणूस आहे, याला पुरावा काय?"

भीमाशंकर हसला. सर हसले नव्हते.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. माणसं जाळीला तोंड लावून मोठ्यानं बोलत, जणू मी बहिरा. कोणत्या वारी कोणत्या गावाला पाणी, हे पहिल्यांदाच भांडण न होता ठरलं. एकच घोळ झाला. मला दिलेल्या शब्दकोशात 'हाव' म्हणजे लोभ. पहिल्याच ठरावानंतर मी सरांना कळवलं, की तीनशे चार सभासदांनी 'लोभ' असं मत दिलं आहे. सरांनी कपाळाला हात लावला आणि लिहिलं: हाव म्हणजे हो. दुरुस्ती सातही डब्यांत गेली. एक चूक पाच मिनिटांत संपली आणि दुसरी तिथंच सुरू झाली.

मागच्या उन्हाळ्यात तळ्यापासून नळाची लाईन टाकायचं ठरलं. सरळ वाट रत्नम्मांच्या शेताच्या बांधावरून जात होती. रत्नम्मा एकट्या राहतात, सत्तरीला आल्यात. मी त्यांना फोन केला. ठराव अकरा वाक्यांचा होता. त्या तूर निवडत होत्या, सुपाचा आवाज येत होता.

"हाव," त्या म्हणाल्या. पुढच्या वाक्याला, "हाव... हाव." असं नऊ वेळा. शेवटी म्हणाल्या, "बरं, ठिव आता. दूध उतू जाऊन राहिलंय."

मी लिहिलं: रत्नम्मा, होकार.

खोदायला लोह्याकडचा दयानंद जेसीबी घेऊन आला. बांधाशी येऊन त्यानं फोन केला. "हितं कण्हेरीचं झुडूप हाय अन् बुडाला एक धोंडा हाय. काढू का?"

त्यानं विचारलं होतं, हे मला सांगितलंच पाहिजे. मी सातबारा पाहिला. विहीर नाही, समाधी नाही, कसलीच नोंद नाही. होकार आहे. तरी मी बाकीच्या सहा डब्यांना विचारलं. सहाही जणांनी लगेच कळवलं, काढा. तेव्हा मला ते सात जणांचं एकमत वाटलं. खरं तर तोंडं सात होती, शब्दकोश एकच होता. रत्नम्मांना पुन्हा एक फोन करावा, हे सातांपैकी एकालाही सुचलं नाही.

त्या चार दिवस उदगीरला बहिणीकडे होत्या. परतल्या तेव्हा चर खोदून, पाइप टाकून, माती लोटून झाली होती.

लिंगायतांत माणूस गेलं की आपल्याच शेतात पुरतात. कण्हेरीखाली त्यांची मुलगी होती. मंजुश्री, वय नऊ, तापानं गेलेली. एकवीस वर्षं झाली होती.

रत्नम्मा चालत डेअरीत आल्या. पदराला माती होती. कॅनच्या ओळीतून वाट काढत माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"म्या कवा हो म्हणले?"

"तुम्ही नऊ वेळा हाव म्हणालात," मी सांगितलं. तारीख आणि वेळही सांगितली.

त्या हळू म्हणाल्या, "आरं बाबा, ते मी ऐकून राहिले होते. कुणी बोलत असलं की हाव म्हणावं लागतंय. न्हाई म्हणलं तर बोलणाऱ्याला वाटतंय, आपलं कुणी ऐकंना. तुला वाईट वाटू न्हाई म्हणून म्हणले."

भीमाशंकर दूध मोजायचं सोडून बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी सर एसटीनं आले. उभ्यानंच बोलू लागले. "अक्का, मी इथलाच आहे. मला कळायला हवं होतं. माझी आई अशीच हाव हाव म्हणायची. मी तिला माझा अख्खा प्रबंध वाचून दाखवला होता. तिला तो पटलाय, असं मला एकदाही वाटलं नव्हतं. मग डब्याला मी असं का शिकवलं?"

"बसा, सर," रत्नम्मा म्हणाल्या. "पोरगी काय आता येत न्हाई. पर सात गावांत लिहून ठिवलंय, की आईनंच हो म्हणलं. तेवढं काढा."

खाली दुरुस्ती जोडता आली असती, पण तेवढं काढता येत नव्हतं. लिहिलेलं पुसता येऊ नये, हीच तर सरांची सगळी कमाई होती. एकच वाट उरली, सातही डबे मुळापासून रिकामे करायचे. सर गावोगाव फिरले. "एका शब्दापायी सगळी सभा मोडता?" असं लोकांनी विचारलं. "मग पुन्हा तोच अध्यक्ष." सरांनी रत्नम्मांचं म्हणणं त्यांच्यापुढं ठेवलं. शेवटी लोकांनी मोडू दिली. सहा डबे रिकामे झाले. जुना अध्यक्ष परवा डेअरीत येऊन चहा पिऊन गेला.

सातवा मी. सरांनी झाकण काढलंय, रत्नम्मा शेजारी बसल्यात. तुम्ही कुणी पुन्हा अशी सभा उभारणार असाल, तर उभारा. ती वाईट नव्हती. पण तिच्यात एक तरी माणूस असा ठेवा, ज्याच्या दारात जाऊन विचारता येईल, हे तू का केलंस. रत्नम्मांना असं दार मिळालं नाही. त्यांना एका डब्यापुढं उभं राहावं लागलं.

"सर," मी म्हणालो, "सगळं कळल्यावर मी एक ओळ लिहिली होती. बाकी सहा डब्यांतून ती पुसली गेली. दुसरीकडं कुठंच तशी नोंद नाही. आता तीही जाईल."

सरांचा हात थांबला. "अक्का, ठेवायची की काढायची, तुम्ही सांगा. मी अंदाज करणार नाही."

"काय लिहिलंय? वाच."

मी वाचलं. "या बांधाला मंजुश्री होती. वय नऊ."

बाहेर कुणीतरी कॅन उतरवत होतं.

"मंजी म्हणत होतो आम्ही तिला," रत्नम्मा म्हणाल्या. मग सरांकडं वळून, "काढा. माझ्या ध्यानात हाय ती."

सर माझ्यावर वाकले आहेत. त्या ओळीखाली मी लिहिलं: 'मंजुश्री' नव्हे, 'मंजी'. नियमाप्रमाणे दुरुस्ती बाकीच्या सहा ठिकाणी पाठवली. तिकडं आता घ्यायला कुणी नाही.