डाव्या ओळीचा वास

"थांब गं, बूच लावू नकोस!" मावशी जवळजवळ ओरडल्याच.

प्रयोगशाळेत संशोधन करणारी ती पोरगी दचकली. नव्वद अंश तापमानाच्या पेटीतून तिने डाव्या ओळीतली बाटली नुकतीच काढून उघडली होती. सडक्या अंड्यांचा भपकारा मावशींच्या नाकात शिरला. पोरीला मेली महिनाभर सर्दी. तिला कुठला वास!

बाटलीतले जंतू उकळत्या झऱ्यातले, आणि भलते हिशेबी. गंधक मिळालं की गंधकाची जनुकं चालू करायची, त्यावर जगायचं, घाण वायू सोडायचा. गंधक नाही? ती बंद, दुसरी चालू. मग वायू निघतो तो बिनवासाचा. पोरीच्या डाव्या ओळीत मात्र महिनाभर गंधक नसतानाही ती जनुकं चालूच दिसत होती. पण जनुकं चालू असली तरी गंधकच नसेल, तर हा वास येणार कुठून? तीन वर्षं डोकं आपटल्यावर लागलेला शोध! सर आत लेख पाठवायलाच बसले होते.

बाटल्या भरायच्या मावशी. बावीस वर्षांत एक चूक नाही, हा त्यांचा तोरा. डब्यांवरची लेबलं कधीच पुसली होती. पांढरी पूड जंतूंच्या अन्नाची, पिवळी गंधकाची, मावशी रंगावरच चालायच्या. पण पाच महिन्यांपासून दोन्ही सारख्याच गढूळ दिसत होत्या. मोतीबिंदू! कळलं तर उचलबांगडी, म्हणून त्या मूग गिळून बसल्या होत्या.

आताही गप्प राहिलं तर? कुणाला कळणार होतं?

"मावशी, लेखात तुमचेही आभार मानलेत हं," पोरगी हसून म्हणाली.

मावशींना गलबलून आलं. "नको मानूस. यात गंधक आहे, पोरी. मीच घातलंय. मला पांढरं-पिवळं कळत नाही गं आता."

"काहीतरीच काय!" म्हणता म्हणता तिचा चेहरा उतरला. ती धावतच आत गेली. "सर, पाठवू नका!"

सर दारात आले, मावशींकडे बघितलं आणि पाठ फिरवून परत गेले. ते मावशींना फार लागलं.

पोरीने स्वतःच्या हाताने बाटल्या नव्याने भरल्या. दुसऱ्या दिवशी डावीकडची उघडून मावशींपुढे धरली. "तुम्हीच सांगा."

मावशींनी दोनदा वास घेतला. "कसलाच नाही."

"नक्की?"

"नाकाला मोतीबिंदू होत नाही गं."

पोरगी हसायला गेली आणि डोळे पुसत बसली. मग वहीतल्या डाव्या ओळीच्या नोंदींच्या तीन पानांवर तिने आडव्या रेघा मारल्या.

मावशींनी कमरेची, पुडींच्या डब्यांच्या कपाटाची किल्ली सोडली. कुणी मागितली नव्हती. पोरीच्या हाताशी, तिला लगेच दिसेल अशी ठेवली.