बीजिंगमध्ये भरलेली ओटी

ही गोष्ट २०१९ सालच्या एप्रिलातली. अमरावतीत ऊन रणरणत होतं, आणि राजापेठेतल्या माणिकबाई बीजिंगच्या गारव्यात शाल पांघरून बसमध्ये बसल्या होत्या. शेजारी अकोल्याची बालमैत्रीण चतुराबाई, पुढं शेजारीण दीपमाला. तिनंच दोघींना या सहलीला ओढून आणलं होतं.

माणिकबाईंच्या पिशवीत खण, हळकुंड आणि सुपारी होती. पुढच्या महिन्यात नात रागिणीचं डोहाळजेवण होतं. नवरा गेल्यापासून त्यांनी कुणाची ओटी भरली नव्हती; लेकीच्या वेळीही त्या आत पुऱ्या तळत बसल्या होत्या. नातीची मात्र भरायची होती, पण चार बायांत हात पुढं करायचा धीर होईना. म्हणून त्यांनी मनाशी ठरवलं होतं, चीनच्या मोठ्या देवळात आधी देवीची ओटी भरायची. तिनं घेतली, तर रागिणीचीही भरायची.

सकाळी मोठी भिंत पाहिली. धुक्यात डोंगरामागून डोंगर चढत ती कुठं जात होती, कळतच नव्हतं. कापूस वेचायला निघालेल्या बायांची रांग चालता चालता दगडाची झाली असावी, असं माणिकबाईंना वाटलं. उतारावर पांढरी फुलं फुलली होती. खाली कुणी बोललं तरी आवाज फार दुरून, दुसऱ्याच कुठल्या तरी वर्षातून आल्यासारखा वाटे.

"काहून गप वं माणिक? थकली काय?" चतुराबाईंनी विचारलं.

"नाही. पाहून राहिली."

दुपारी ते देऊळ. पांढऱ्या चौथऱ्यांवर निळ्या कौलांचं, गोल. सहलीसोबतच्या स्वयंपाकी महाराजाकडून मागून घेतलेले मूठभर तांदूळ आणि नारळाऐवजी नाश्त्यातलं सफरचंद घेऊन माणिकबाई दाराशी गेल्या. आत लाल-सोनेरी खांब, मधे रिकामं आसन. मूर्ती कुठंच नाही.

"देवी नाही इथं, मावशी," सहलीसोबतचा शेखर म्हणाला. "राजा यायचा आणि आभाळाकडं चांगलं पीक मागायचा."

"घ्या!" चतुराबाई म्हणाल्या. "आता आभायाची ओटी कशी भरशीन वं?"

दीपमाला हसली. माणिकबाई मात्र वळल्या आणि चालू लागल्या.

बाहेरच्या लांब ओसरीत म्हातारी माणसं पत्ते खेळत होती, कुणी गात होतं. एका बाकावर आईशेजारी एक पोरगी बसली होती, सातवा महिना तरी असावा. माणिकबाई थबकल्या. पिशवीकडं हात गेला आणि थांबला.

"दे इकडं, मी भरतो," चतुराबाई हळूच म्हणाल्या. "माहा नवरा हाये अजून."

"नाही," माणिकबाई म्हणाल्या. "मीच भरतो."

त्यांनी पदर पसरून कसं धरायचं ते दाखवलं. पोरीला पदर कुठला? तिनं हसत सदऱ्याची कड ओंजळीसारखी धरली. तांदूळ, खण, हळकुंड, सुपारी, सफरचंद. पोरीची आई उठली. तिला वाटलं, यांच्याकडं घेतलं की द्यायचीही रीत असेल. तिनं पिशवीतल्या मूठभर भुईमुगाच्या शेंगा काढल्या आणि माणिकबाईंच्या पदरात टाकल्या.

"घे माय," चतुराबाई म्हणाल्या, "तुहीबी भरली." आणि रडायला लागल्या.

मे महिन्यात रागिणीची पहिली ओटी माणिकबाईंनी भरली. त्यांच्या दोन जावा तोंड फिरवून बसल्या. रागिणी मात्र पदर पसरून उभी राहिली.

रागिणीची मुलगी आता शाळेत जाते. दीपमाला मुलाकडं नागपूरला गेली. शेखरनं कोरोनात सहली सोडल्या आणि खानावळ काढली. चतुराबाई त्याच साथीत गेल्या. त्या चिनी पोरीला काय झालं, कुणाला ठाऊक नाही. तिचं नाव विचारायचंच राहिलं. माणिकबाईंना काही घरी अजून ओटी भरायला बोलवत नाहीत. अशा घरी त्या बोलावणं नसतानाही जातात आणि पुढच्या ओळीत बसतात.