पिंकीच्या लग्नातली हळद

आम्ही कोपरला पोचलो तेव्हा बाबांनी दारातच मला हळू आवाजात सांगितलं, की आईकडून फार आशा ठेवू नकोस. दीड वर्षापूर्वी पक्षाघातानं तिचा उजवा हात गेला आणि त्याच दिवशी बोलणंही गेलं. आता ती फक्त "ते... ते..." म्हणते, पुढचा शब्द काही येत नाही. माणसं तरी ओळखते की नाही, हे बाबांनाही सांगता येत नव्हतं.

मला एकच हवं होतं. आईनं समृद्धीला एकदा नावानं हाक मारावी. माझ्या पाच वर्षांच्या लेकीनं आजी बघितली ती हैदराबादहून मोबाइलवर, उशीला टेकून बसलेली. आजी म्हणजे एवढंच, असं तिच्या डोक्यात बसायला नको होतं. कारण माझी आई, आवडाबाई, कोण होती हे आमच्या गावात कुणालाही विचारा. आगरी लग्नात हळदीपासून पुढचे विधी धवलारीण धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणत लावते, आणि आई धवलारीण होती. भातशेती गेली, तिच्यावर सात मजली बिल्डिंग आली, मांडव पार्किंगमध्ये पडायला लागले, पण धवला म्हणायला बोलावणं आईलाच यायचं.

पहिले दोन दिवस मी तिचं नुसतं डोकं खाल्लं. ही कोण सांग, हिचं नाव काय सांग. ती माझ्याकडे बघायची, ओठ हलवायची आणि मग भिंतीकडे तोंड फिरवायची. बाबा म्हणाले, तिला छळू नको. मी त्यांच्यावरच खेकसले. चिडायला मला तसं कारण लागत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी पोरांनी आईच्या पलंगावरच बाहुलीचं लग्न काढलं. नवरी पिंकी, नवरा शेजारच्या साईचा प्लास्टिकचा डायनासोर. अडीच वर्षांचा साई झेंडूच्या पाकळ्या खाण्यात गुंतला होता, त्यामुळे सगळं लग्न समृद्धीच लावत होती. तिनं पाहिलेली लग्नं एसी हॉलमधली. तिनं थेट हार घातला आणि माझ्या मोबाइलवर फोटो काढायला लागली.

आई एकदम अस्वस्थ झाली. डाव्या हातानं गादीवर थापट्या मारू लागली. मी पाणी पुढे केलं, तिनं ढकललं. उशी सरकवली, तेही नको. "ते... ते..." करत तिनं बाहुलीच्या गळ्यातला हार ओढून काढला. समृद्धी रडवेली झाली. संपलं, आता पोरगी आजीला कायमची घाबरणार, असं मला वाटलं.

बाबा दारातून बघत होते. ते म्हणाले, "हलद लावल्याबिगर हार घातला गो. तिला कसा चालंल?"

ते स्वयंपाकघरात गेले, वाटीत हळद कालवून आणली आणि आईपुढे धरली. तिनं डाव्या हाताचं बोट बुडवलं, पिंकीच्या गालाला लावलं आणि तोंड उघडलं.

धवला आला. कुठे अडखळणं नाही, शब्द शोधणं नाही. तोच उंच, थोडा खरखरीत आवाज. जिला दीड वर्षात साधं 'हो' म्हणता आलं नव्हतं, ती ओळीमागून ओळ गात होती. बरं, धवल्यात नवरीच्या घरच्यांची नावं गुंफायची असतात. ती दर लग्नात वेगळी, पाठ असायचा प्रश्नच नाही.

"हलद लागली गो समृद्धी बायला,
नयन मायच्या लाडाच्या लेकीला,
आनंदा आज्याच्या नातीला..."

नयन म्हणजे मी. आनंदा म्हणजे बाबा. ते मटकन खालीच बसले. समृद्धीनं तक्रार केली, की नवरी पिंकी आहे, मी नाही. कुणीही तिच्याकडे लक्ष दिलं नाही. माझे हात आपोआप जोडले गेले होते. गावदेवीसमोर उभी राहूनसुद्धा मला असं कधी वाटलं नव्हतं.

गाणं संपलं. मी आईचा हात धरून म्हटलं, आता नुसतं बोल, एकदाच बोल, समृद्धी. तिनं जीव एकवटून प्रयत्न केला. "ते... ते..." तिचे डोळे भरून आले आणि मला माझाच राग आला. मिळालं ते पुरलं नाही मला.

तेवढ्यात समृद्धी आजीच्या अगदी जवळ सरकली. आजीशी असंच बोलायचं असतं, असं समजून तिनं नुकत्याच ऐकलेल्या चालीत, पार बेसूर, विचारलं, "आजी गो आजी, पाणी पायजे का तुला?"

आई तिच्याकडे बघत राहिली. मग त्याच चालीत, अगदी हळू, उत्तर आलं.

"समृद्धी बाय गो, चाय दे मना."

मग बाबा भिंतीचा आधार घेत उठले, चहा ठेवायला निघाले आणि दारातच थांबले.

"साखर किती घालू," ते समृद्धीला म्हणाले, "इचार गो तिला."